सुकट आणि सहानुभूती

वैशाख सरत आला की आमच्या देवरूखकडच्या गावांतून घरांचा वास बदलतो. अंगणात फणसाची साठं वाळत असतात, पलीकडे सुपात मिरच्या, खळ्याच्या कडेला शेणी रचलेल्या, कौलं चाळून झाल्यामुळे घरभर जुन्या धुळीचा कोरडा वास. दुपारी कातळावरून येणारा वारा तापल्या तव्यासारखा तोंडावर लागतो. पावसाचे चार महिने बाहेर पडणं कठीण, म्हणून जे लागेल ते या दिवसांत घरात भरून घ्यायचं. आम्ही याला आगोट म्हणतो. तांदूळ, कुळीथ, मीठ, लाकडं झाली की सगळ्यांत शेवटी सुकी मासळी. बाहेर पाऊस कोसळतोय, ताटात गरम भात, कुळथाची पिठी आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. एवढं असलं की आमच्याकडच्या माणसाची कशाबद्दल तक्रार नसते.

यंदाही आगोट आली. मी माळ्यावरून मासळीचा पत्र्याचा डबा खाली काढला, पुसला, उन्हात उपडा घातला, आणि मला राग आला. या डब्याला हात लावला की हल्ली मला राग येतोच. घरातली माणसं आता त्याला सरावली आहेत. हे म्हणतात, "आली का तुझी आगोट?" आणि पेपर घेऊन मागल्या दारी जाऊन बसतात.

हा डबा भरायची शेवंती. ती खाडीकडची. लग्न होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच आगोटीला मी तिला पाहिलं. माझ्याच वयाची असेल, काळी, शेलाटी, कपाळावर हे एवढं कुंकू. फाट्यावर एसटीतून उतरायची आणि डोक्यावर पाटी घेऊन पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या चढत वाडीत यायची. ती दिसायच्या आधी तिचा वास यायचा, आणि वासाच्याही आधी मांजरं निघायची. आमच्या पडवीत पाटी उतरवली की आधी तांब्याभर पाणी, मग कोरा चहा, आणि मग फडकं सुटायचं. तळाला खारे बांगडे, वर बोंबलांच्या जुड्या, एका पिशवीत सुकट, आणि दुसऱ्या पिशवीत सगळ्यांपासून वेगळे जपून ठेवलेले सोडे. सोललेली, वाळवलेली कोळंबी. गुलाबी, वाकडी, आणि हात लावायची भीती वाटावी इतकी महाग.

वाडीतल्या बायका गोळा व्हायच्या आणि घासाघीस सुरू व्हायची.

"ही सुकट आहे की वाळू?" मी विचारायची.

"वाळू हाय. चांगली समुद्राची हाय, फुकट ने," ती म्हणायची. "तुझ्या तांदळात खडे निघतात, मी कधी काय बोल्ले?"

"एक मूठ अजून टाक."

"तुझी मूठ की माझी?"

"माझी."

"मंग नको. तुझा हात बघ गो वयनी, सुपाएवढा हाय."

बायका हसायच्या. मी बोंबलाची जुडी नाकाला लावून तोंड वाकडं करायची. ती माझ्या हातातून जुडी काढून घ्यायची आणि पाटी उचलायचं सोंग करायची. मी जा म्हणायची. ती दोन पावलं जायची. मग कुणीतरी मध्ये पडायचं, ती परत बसायची, आणि शेवटी माझ्याच मुठीनं एक मूठ सुकट जास्त पडायची. निघताना मी तिला आंब्याचं लोणचं नाहीतर फणसाचं साठ बांधून द्यायची. ते घेताना ती उपकार झाल्यासारखी घ्यायची नाही. "बरं झालं, तुझ्याकडचं साठ आंबट आसतं, पोराटोरांना वाटीन," असं म्हणून घ्यायची.

मला तेव्हा वाटायचं की आम्ही भांडतो ते मासळीसाठी. आता कळतं की घासाघीस ही दोन बरोबरीच्या माणसांत होणारी गोष्ट आहे. दारी आलेल्या भिकाऱ्याशी कुणी घासाघीस करत नाही. शेवंतीला मी आणि मला शेवंती, आम्ही दर वर्षी एकमेकींना बरोबरीचं मानत होतो, आणि त्याला चांगला तास-दीड तास लागत असे.

तिच्या नवऱ्याबद्दल पहिल्याच वर्षी माझ्या सासूबाईंनी विचारलं होतं. "मालक बोटीवर आसतात," ती म्हणाली होती. बोट म्हणजे मोठी, परदेशी जाणारी. मग दर आगोटीला कुणी ना कुणी विचारायचं, आणि शेवंती मासळीवरून हात न काढता सांगायची. यंदा बोट दुबईला. यंदा आफ्रिकेला. यंदा कुठेतरी बर्फ आहे, तिकडे. कधी यायचे आहेत असं विचारलं, तर "सुट्टी मिळाली की" एवढंच.

माझी एक मावशी त्याच खाडीच्या काठी दिली होती. तिच्याकडून मला खरं कधीच कळलं होतं. शेवंतीचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत मुंबईला गेला, तिथे त्यानं दुसरं घर केलं आणि परत फिरकला नाही. मूलबाळ नव्हतं. वाडीतल्या आणखी दोघी-तिघींनाही ते कुठून कुठून कळलं असणार. पण आमच्या पडवीत त्या बोटीला कुणी भोक पाडलं नाही. सासूबाई उलट विचारायच्या, "तिकडे थंडी फार असेल नाही गं?" शेवंती म्हणायची, "हा, मंग. लोकरीचे कपडे देतात त्यांना." आणि सुकट मापायला लागायची. थाप तिची होती, पण ती सांभाळायला सगळी वाडी होती. आणि त्यात कुणाचं काय जात होतं? तिची मासळी कडक वाळलेली असायची. पावसाळाभर डब्याला बुरशी म्हणून दिसायची नाही. माणसानं दुकानदाराकडून आणखी काय मागावं?

मग एका वर्षी, उन्हाळा लागत असताना, देवरूखच्या बाजारात तिला एक मुलगी भेटली. मोबाईलवर बातम्या आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या कुठल्याशा वाहिनीची. कोकणातल्या कष्टकरी बायकांवर त्यांची मालिका चालली होती. मुलगी गोड बोलायची, शेवंतीला ताई म्हणायची, तिच्यासोबत खाली फुटपाथवर बसून तिनं चहासुद्धा घेतला. हे सगळं मला शेवंतीनंच नंतर सांगितलं. ती त्या मुलीला वाईट म्हणत नाही. मी म्हणते.

शेवंतीला आधी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी ते लोक तिच्या वाडीत येणार म्हणून ती हिरव्या काठाचं चांगलं लुगडं नेसली. सुकट कशी ओळखायची, बांगड्याला मीठ कुठवर चोळायचं, वाळत घातलेल्या मासळीवर दंव पडू नये म्हणून काय करायचं, हे तिनं तासभर समजावून सांगितलं. मुलगी मान हलवत होती. यातलं काहीही त्या व्हिडिओत नव्हतं.

व्हिडिओत काय होतं, तर शेजारीण होती. जाळ्यावर मासळी पसरता पसरता ती सहज बोलून गेली, की हिला नवऱ्यानं टाकली तरी एकटीनं केलंन हो सगळं. कौतुकानंच बोलली. त्या मुलीचे डोळे चमकले असणार. ती शेवंतीकडे वळली, कॅमेरा वळला, आणि तिनं विचारलं, "ताई, तुमच्या पतींनी तुम्हाला सोडलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

शेवंती बांगडे खारवत होती. तिनं मनगटानं डोळा पुसला. हाताला मीठ होतं. डोळ्यातून पाणी आलं, मग दुसऱ्या डोळ्यातून आलं, आणि ती उठून घरात गेली.

ते सगळं संथ करून दाखवलं होतं. हात डोळ्याकडे जातोय, पाणी गालावर येतंय, मागे खाडीच्या तोंडाशी समुद्र, मागे सनई की बासरी असं काहीतरी. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नवऱ्यानं सोडलं, सुक्या मासळीनं तारलं.

तो व्हिडिओ मला आमच्या भावजींनी दाखवला. हे आमचे धाकटे दीर, मुंबईला नोकरीला, दर मे महिन्यात घरी येतात. ते खूश होते. "वहिनी, ही तुमची मासेवाली ना? बघा, लाखो लोकांनी बघितलंय. अशी जाहिरात करायची तर कंपन्यांना केवढा खर्च येतो. हिची फुकटात झाली."

मी व्हिडिओखाली लिहिलेलं वाचलं. सलाम ताई. डोळे भरून आले. कोकणची वाघीण. नवऱ्याला फोडून काढा. हात जोडलेल्या चित्रांच्या रांगाच्या रांगा. सुकट कशी आहे, हे एकानंही विचारलं नव्हतं.

"भावजी," मी म्हटलं, "यात मासळी कुठे आहे?"

"अहो, लोक भावनेवर घेतात. मासळी नंतर बघतात."

त्यांचं अगदीच चूक नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. तिला फोन यायला लागले. पुण्याहून, ठाण्याहून, कुठून कुठून. सोडे पाठवा, सुकट पाठवा. रत्नागिरीला जाऊन ती पार्सलं करायला लागली. विक्री वाढली का, असं कुणी विचारलं तर वाढली. भावजी अजून तेवढंच विचारतात.

त्या आगोटीला ती आमच्याकडे आली तेव्हा नेहमीसारखीच मांजरं आधी आली. तिनं पडवीत पाटी उतरवली. मी पाणी दिलं, चहा दिला. बायका जमल्या, पण त्या दिवशी त्यांच्या चालण्यातच काहीतरी वेगळं होतं. आजारी माणसाला बघायला आल्यासारख्या त्या दबक्या पावलांनी येऊन बसल्या. शेवंतीनं फडकं सोडलं. कुणी मासळीला हात लावला नाही. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बोला गो," ती म्हणाली. "यंदा सुकट बघा कशी हाय."

"चांगलीच असणार," एक म्हणाली. "दे तू देशील तेवढी."

दुसरीनं भाव न विचारता पैसे काढले आणि उरलेले परत घेईना. "राहू दे तुला," म्हणाली. तिसरी घरी गेली आणि घडी केलेली दोन जुनी लुगडी घेऊन आली. चांगल्या मनाची बाई आहे ती, माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली. तिनं ती लुगडी शेवंतीच्या पाटीजवळ ठेवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शेवंती त्या लुगड्यांकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी ती नजर ओळखली. मी बोंबलाची जुडी उचलली, नाकाला लावली आणि म्हटलं, "हे गेल्या वर्षीचे बोंबील आमच्या गळ्यात मारतेस होय?"

तिचं तोंड उजळलं. ती काहीतरी बोलणारच होती. तेवढ्यात माझ्या शेजारणीनं माझा दंड धरला आणि कुजबुजल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगो, त्या बिचारीशी कसली घासाघीस करतेस? माणुसकी आहे की नाही?"

बिचारी. इतक्या वर्षांत आमच्या पडवीत शेवंतीला सगळं म्हणून झालं होतं. लबाड, तोंडाळ, महागडी, कंजूष. बिचारी कुणी म्हटलं नव्हतं.

ती हसली. सगळ्यांना मापून मासळी दिली, कुणालाही एक मूठ जास्त नाही की कमी नाही. लुगडी तिथेच ठेवली. पाटी डोक्यावर चढवायला मी हात लावला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बोट बुडाली गो वयनी." आणि पाखाडी उतरून गेली. त्या वर्षी बोट कुठे आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

पाऊस लागला. आमच्या डब्यातली सुकट त्या वर्षीही कडक होती. पण तिची जी पार्सलं बाहेर गेली होती, त्यांचं मी मावशीकडून ऐकलं. मागणी एकटीच्या हाताला झेपेना म्हणून तिनं वाडीतल्या इतरांची मासळी घेतली. घाईत वाळवलेली, पोटात ओली राहिलेली. काही पार्सलांना वास आला, काहींत खरंच वाळू निघाली. ज्यांनी हात जोडले होते त्यांनीच त्याच व्हिडिओखाली लिहिलं: फसवणूक, रडून लुटते, नवऱ्यानं उगीच नाही सोडली. ती मालिका करणारी मुलगी तोवर दुसऱ्या कुठल्या बाईच्या अंगणात पोचली होती.

आणि त्या लाखो बघणाऱ्यांत एक तोही होता.

श्रावणात तो आला. एक बॅग, एक छत्री आणि खोकला घेऊन. मुंबईतलं दुसरं घर मोडलं होतं की तिथल्या माणसांनी त्याला बाहेर काढलं होतं, कोण जाणे. तिच्या वाडीला तो आला याचाच आनंद. देवानं डोळे उघडले, असं म्हणायला लागले. शेवंती दारात उभी राहिली होती आणि आख्खी वाडी बघत होती. मावशी म्हणाली, की ती बराच वेळ उभी राहिली आणि मग बाजूला झाली. तो आत गेला.

हे मला खरं वाटलं नव्हतं. थंडीत मावसभावाचं लग्न निघालं, म्हणून मी खाडीकडे गेले तेव्हा प्रत्यक्ष बघितलं. रस्त्याला लागून तिच्या घरापुढे मोठा फ्लेक्स लावला होता. वर त्याचं नाव, खाली सुक्या मासळीचे घाऊक व किरकोळ विक्रेते. एका बाजूला तिचा फोटो. व्हिडिओतलाच, डोळ्याला मनगट लावलेला, गालावर पाणी. दुसऱ्या बाजूला त्याचा, हसणारा. फ्लेक्सखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो बसला होता. टेबलावर पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला, त्याच्याच मोबाईलचा. माणूस आडदांड असेल असं मला वाटलं होतं. तसा नव्हता. बारीक, पिकलेला, बोलायला नम्र. "या वहिनी," म्हणाला. "आपल्या आशीर्वादानं चांगलं चाललंय आमचं."

आमचं. त्या एका शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शेवंती मागे वाळूवर होती. जाळ्यावर मांदेली पसरलेली, ती वाकून एकेक उलटी करत होती. मी पदर खोचला आणि तिच्यासोबत उलटायला बसले. वारा खारा होता, अंगाला चिकटत होता. त्याच वेळी तिनं मला मिठाच्या हाताचं सांगितलं.

"तेव्हा रडले नव्हते गो मी. तो गेला तेव्हापण नाय. मीठ गेलं डोळ्यात. पण कुणाला सांगू? आता सगळी बोलतात, शेवंती अजून झुरत हुती म्हणून देवानं परत धाडला."

"हाकलून दे त्याला," मी म्हटलं.

"कशी हाकलू? त्या पोरीचा परत फोन आला हुता. आता दोघांचा व्हिडिओ करूया बोलते. संसार परत जुळला, लोकांना बरं वाटेल." तिनं एक मांदेली उचलून पारखली आणि ओली म्हणून परत टाकली. "मी नाय बोल्ले तर वाडी माझ्यावर. येवढी परसिद्धी मिळाली, आता नखरे करते, बोलतात. माणूस दारात आलाय, पदरात घे, बोलतात. मी टाकलेली हुते तेव्हा माझी हुते गो वयनी. मासळी माझी, पैसा माझा, तोंड माझं. आता सगळं ह्यांचं."

मी घरी आले आणि भावजींना फोनवर हे सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "पण वहिनी, म्हातारपणी सोबत झाली ना तिला? नाहीतर तो आला असता का?"

नसता आला. तेच तर मी सांगते आहे.

पुष्कळ दिवस मी मनात भावजींशी भांडत होते. त्यांचं एक म्हणणं मी सोडून देत नाही, की जाहिरातीनं धंदा वाढतो. वाढत असेल. ज्याचं दुकान आहे, गोदाम आहे, पाकिटावर छापलेलं नाव आहे, त्याची जाहिरात दुकानाची होते. तो स्वतः घरी निवांत जेवत असतो. पण जिचं दुकान म्हणजे तिच्या डोक्यावरची पाटी, तिची प्रसिद्धी करायला गेलं की विकायला तीच उरते. तिचं कपाळ, तिचं अंथरूण, तिचा पळालेला नवरा. आणि हा माल विकणारी ती नसते. भाव ठरवणारीही नसते. लोक तिची कीव घेऊन जातात, आणि वर तिलाच वाटावं अशी अपेक्षा करतात की आपलं भलं झालं. त्या मुलीचं मन साफ होतं, असंही मला सांगतात. व्हिडिओच्या शेवटी ती स्वतः रडली आहे. असेल साफ. साफ मनानं माणूस दुसऱ्याच्या घरात चपला घालून शिरला तरी जमीन घाण व्हायची ती होतेच.

पुढच्या आगोटीला मांजरं निघाली नाहीत. फाट्यावरून कर्ण्याचा आवाज आला. टेम्पो होता. त्यावर तोच फ्लेक्स, आणि आत कुणाच्या तरी आवाजात ध्वनिमुद्रित केलेलं: आपल्या लाडक्या शेवंतीताईंची मासळी. शेवंती नव्हती. खुर्चीतला माणूसही नव्हता, पगारी ड्रायव्हर होता. पाकिटं बंद, भाव छापलेला. बायकांनी घेतली. मी घेतली नाही. हे म्हणाले, "पावसात खाणार काय?" मी म्हटलं, "कुळीथ." त्या पावसाळ्यात आम्ही खरोखर कुळीथच खाल्ले, आणि यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही, हे त्यांच्या बाजूनं नमूद करते.

मावशीनं फोनवर सांगितलं की शेवंती निघून गेली. एका सकाळी जाळं तसंच पसरलेलं होतं आणि ती नव्हती. नवऱ्यानं दोन दिवस शोधलं, मग खुर्चीत येऊन बसला. फोटो त्याच्याकडे होताच. धंदा चालायला तेवढा पुरला.

यंदा डबा उन्हात घातला, राग आला, आणि दोन-चार दिवसांनी मला भाचीकडे पोफळीला जायचं झालं. तिथल्या बाजारात भाजी घेत होते. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला कुणीतरी ओरडून भांडत होतं. "घ्यायची तर घे, नायतर तुझ्या घरच्या परसात पिकव सुकट." मी हातातली भेंडी तशीच ठेवली.

ती बारीक झाली होती. कपाळ मोकळं होतं, गळ्यात काही नव्हतं. मी तिच्यापुढे उकिडवी बसले. तिनं मला ओळखलं, पण आजूबाजूला गिऱ्हाईकं होती म्हणून काही दाखवलं नाही. गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

मी तिच्या कपाळाकडे बघितलं. तिनं हात झटकला.

"ते? ते खुर्चीत बसलेत. त्यांना काय धाड भरलीय." मग आवाज उतरवून म्हणाली, "हितं मी त्यांना घालवलंय. बोटीवर हुते, वादळ झालं, बोललंय. लोकं एकदा च् च् करतात आणि मंग सोडून देतात. मेलेल्या माणसाला कोण शोधत येत नाय गो."

"आणि राहतेस कुठे?"

"खोली हाय भाड्यानं. चांगली हाय. मालकीण भांडखोर हाय, पण माणूस चांगला." मासळी ती आता दुसऱ्या बंदरावरून आणते म्हणाली, पहाटेच्या गाडीनं. पाय दुखतात. एवढं सांगून तिनं फडकं नीट केलं. "बोल, काय देऊ?"

मी सुकट हातात घेतली. मोडून बघितली, वास घेतला. कडक होती. मी म्हटलं, "हिला सुकट म्हणतात इकडे?"

"इकडे हिला सोनं म्हणतात," ती म्हणाली.

आम्ही चांगल्या भांडलो. माझी भाची बाजूला उभी राहून लाजत होती. शेजारी भाजी घ्यायला आलेली एक बाई थांबून आमच्याकडे बघत होती. वीजकेंद्राच्या वसाहतीतली असावी, हातात मोबाईल. ती शेवंतीला निरखायला लागली, मग मला म्हणाली, "यांना कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय. त्या व्हिडिओतल्या का या? समुद्रावर रडतात त्या?"

शेवंतीचा हात सुकटीत थांबला.

"छे," मी म्हटलं. "ही माझ्या माहेरची. लहानपणापासून ओळखते मी हिला. जन्मात कधी रडलेली नाही."

बाईनं एकदा मोबाईलकडे बघितलं, एकदा शेवंतीकडे, आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन निघून गेली. शेवंतीनं मापलेली सुकट माझ्या पिशवीत ओतली. वर एक मूठही जास्त दिली नाही.

एवढं सगळं लिहून मी तरी काय केलं, असं तुम्ही विचाराल, आणि ते बरोबर आहे. म्हणून सांगते. तिचं नाव शेवंती नाही. खाडीचं नाव मी दिलेलंच नाही, आणि ज्या बाजारात ती मला भेटली तो बाजार पोफळीचा नव्हे. तुम्ही भल्या मनाची माणसं असाल. तिला शोधून काढावं, तिच्याकडून थोडी मासळी घ्यावी, तेवढाच हातभार, असं वाचता वाचता तुमच्या मनात आलंही असेल. शोधू नका.

तुमच्या दारावर जी येते तिच्याकडून घ्या. आणि भाव करा.